सुसरबाईचे शेजारी

आमच्या पिंगळीत मगर नाही. पूर्वी कधी होती असेही कोणा म्हाताऱ्याच्या तोंडून मी ऐकलेले नाही. परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर पहिल्यांदा जिथे दम खाते, ते आमचे स्टेशन. भोवती काळी जमीन, ज्वारी, कापूस, तुरी, सोयाबीन; आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरातला कढ. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही परमुलुखात छाती काढून सांगतो. परंतु त्या अभिमानातसुद्धा मगरीला कुठे जागा नाही. अशा गावी राहून मी मगरींची छायाचित्रे काढतो, हे कळले की पाहुणे आधी हसतात आणि मग हळूच माझ्या हातांची बोटे मोजतात. आमच्या सौभाग्यवतींचे मत अधिक स्पष्ट आहे. "वाघाचे फोटो काढणारे निदान जीपमध्ये बसतात. तुम्ही चिखलात पालथे पडता!"

छंदाची सुरुवात वडिलांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीपासून झाली. एका रोलमध्ये बारा फोटो. ते धुऊन येईपर्यंत काय टिपले गेले याचा पत्ता नसे. त्या बारांत लग्न, मुंज, बैलपोळा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे 'शेवटचे असू द्यावे' म्हणून काढलेले फोटो बसवावे लागत. जनावरांवर फिल्म उधळणे म्हणजे चैनच! पुढे परभणीत कारकुनी करण्यात आयुष्य गेले. निवृत्त झाल्यावर मुलाने एक चांगला कॅमेरा आणि त्याला लांब पल्ल्याची एक काच घेऊन दिली. मुलाची अपेक्षा अशी, की बाबा नातवंडांचे फोटो काढतील.

पण माझी थोरली बहीण कृष्णाकाठी, भिलवडीच्या बाजूला दिली आहे. परभणीहून परळी, लातूर, कुर्डूवाडी, पंढरपूर असे करत मिरज गाठायची आणि तिथून पुण्याच्या दिशेने जाणारी गाडी धरून भिलवडीला उतरायचे, हा प्रवास मी चाळीसएक वर्षे करतो आहे. सुरुवातीची अनेक वर्षे मी आक्काकडे जाऊन आंबील प्यालो, ऊस खाल्ला, औदुंबरला दत्ताचे दर्शन घेतले आणि परत आलो. नदीकडे नीट पाहिले ते निवृत्तीनंतर. हिवाळ्यातल्या एका सकाळी पैलतीरावर चिखलाचा एक ओंडका पडलेला होता. पाहता पाहता त्या ओंडक्याने जांभई दिली आणि माझ्या निवृत्तीचा प्रश्न सुटला.

सांगली जिल्ह्यातल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. आमणापूर, भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ ते थेट सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. कोकणात चिपळूणच्या वाशिष्ठीत आहेत, महाडजवळ सावित्रीत आहेत. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात तर अर्धवट खाऱ्या पाण्यात त्या नांदतात, आणि फोंडा भागातले खाजणशेतीवाले दर वर्षी चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. बडोद्याला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. भर शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरींची मोठी वस्ती आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या रस्त्यांवर आल्या तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिले. म्हणजे हे जनावर काही अरण्यात दडून बसलेले नाही. ते घाटाच्या खालच्या पायरीशी आहे.

आपल्या भाषेतही ते फार जुने. गजेंद्राचा पाय धरणारा नक्र, शंकराचार्यांना संन्यासाची परवानगी मिळवून देणारी पूर्णा नदीतली मगर (ती पूर्णा केरळातली; आमच्या परभणीकडची नव्हे, एवढे मी गावकऱ्यांना वारंवार सांगत असतो), जांभळाच्या झाडावरच्या माकडाचे काळीज मागणारी पंचतंत्रातली मगरीण आणि खोटे रडणाऱ्यांसाठी नक्राश्रू. मला सर्वांत आवडते ती म्हण मात्र अगदी घरगुती: 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ.' ज्याने ती प्रथम उच्चारली, तो बिचारा खात्रीने सुसरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडत असणार. कारण त्या पाठीच्या कातड्याखाली हाडांच्या ढाली बसवलेल्या असतात. मऊपणाशी तिचा काडीचा संबंध नाही.

काटेकोरपणे बोलायचे तर सुसर वेगळी आणि मगर वेगळी. सुसरीचा जबडा चिमट्यासारखा लांब आणि बारीक. तिचे खाणे मुख्यतः मासे, आणि तिचे घर उत्तरेकडच्या नद्यांत. आपली ती मगर, रुंद तोंडाची. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या नावातला 'पॅलस्ट्रिस' हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ दलदलीत राहणारी. इंग्रजी अमदानीतले साहेब लोक तिला सर्रास 'अ‍ॅलिगेटर' म्हणत. ते चूक असले तरी अगदीच वेडगळ नव्हते, कारण सगळ्या मगरकुळात आपल्या मगरीचेच तोंड सर्वांत रुंद, अ‍ॅलिगेटरच्या जवळ जाणारे आहे. ओळखायची खूण दातांची. तोंड मिटल्यावर खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर मगर. खालचे दात वरच्या जबड्याखाली झाकले गेले तर अ‍ॅलिगेटर.

हा भेद मला शिकवला माझ्या पुतण्याने. तो फ्लोरिडात असतो आणि तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सुट्टीच्या दिवशी फिरायला जातो. त्याने पाठवलेले अ‍ॅलिगेटरचे फोटो पाहून मी आठवडाभर माझा कॅमेरा पेटीतून काढला नाही. एकेका डोळ्यातली उभी बाहुली, एकेक खवला! "काका, इथे लाकडी पूल बांधलाय दलदलीवर. ते अगदी खालीच पडलेले असतात," तो फोनवर म्हणाला. शिवाय तिथे अ‍ॅलिगेटरला खाऊ घालणे हा गुन्हा आहे, कारण घास मिळाला की माणसाची भीती जाते. अमेरिकेत कातड्यासाठी मारून मारून हे जनावर संपत आले होते. १९६७ साली त्याला संरक्षण दिले, आणि १९८७ पर्यंत ते इतके सावरले की धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून त्याचे नाव काढावे लागले.

ऐकून बरे वाटले. पण एक गोष्ट माझ्या मनात आली ती त्याला बोललो नाही. त्या लाकडी पुलाखाली कोणी धुणे धूत नाही. तिथे कोणाची पाण्याची मोटार नाही.

आमच्याकडची पायपीट निराळी. थंडीत सकाळी नऊच्या सुमाराला ऊन तापू लागले की मगरी काठावर येतात. त्यांचे रक्त स्वतःहून गरम राहत नाही, म्हणून ऊन खाणे हा त्यांचा नाश्ताच म्हणा ना. पुरेसे तापले की तोंड उघडून पडतात. फोटोत ते फार भयंकर दिसते. प्रत्यक्षात ती डोके निववण्याची रीत आहे. काठाकाठाने जाताना मी आधी जमीन वाचतो. चिखलात पोट घासत गेल्याची गुळगुळीत पन्हळ, तिच्या दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे, मधोमध शेपटीची रेघ. पन्हळ ओली असेल तर बाई आत्ताच पाण्यात उतरल्या. मग तिथे थांबायचे नाही. पाण्याच्या कडेला उकिडवे बसायचे नाही. रोज त्याच जागी, त्याच वेळी जायचे नाही, कारण आपण मगरीवर पाळत ठेवतो तशीच ती आपल्यावर ठेवते, आणि तिची चिकाटी माझ्यापेक्षा जास्त आहे. फोटो शक्यतो ऐलतीरावरून पैलतीराचा घ्यायचा. मध्ये नदी असली म्हणजे दोघांचीही अब्रू राहते.

कॅमेरा टेकवायला लोक विकतच्या वाळूच्या पिशव्या वापरतात. मी पिंगळीहून दोन शेर ज्वारी घालून शिवलेली पिशवी नेतो. तिच्यावर काच अशी बसते की हलायचे नाव नाही. परतताना आक्का त्या ज्वारीच्या भाकरी करते. असे दुहेरी उपयोगाचे साधन परदेशात मिळत असेल असे मला वाटत नाही.

आता मूळ हकिकतीकडे येतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. दाजींच्या, म्हणजे आक्काच्या यजमानांच्या, उसाचा फड पार नदीपर्यंत गेलेला आहे. नदीकाठी मोटारीची छोटी खोली, तिच्या खाली उतार आणि उताराच्या एका अंगाला वाळूमिश्रित मातीचा उंचवटा. मी पैलतीरावरून रोज त्या बाजूचे फोटो घेत होतो. एक मादी, सात-आठ फुटांची, शेपटीवरचा एक खवला तुटलेला. रात्री आक्काच्या ओसरीवर बसून मी दिवसाचे फोटो ओळीने पाहू लागलो, आणि चौथ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. पन्हळ रोज थोडी वर चढत होती. पाचव्या दिवशी ती उंचवट्यापर्यंत पोहोचली होती. तिथली माती उकरून पुन्हा थापल्यासारखी दिसत होती, आणि सहाव्या दिवसापासून बाई त्या उंचवट्याच्या खालून हलायला तयार नव्हत्या.

अ‍ॅलिगेटर पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते. आपली मगर काठावर खड्डा करते, त्यात पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती लोटून राखण करते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर, त्याहून थंड असेल तर माद्या. सुमारे दोन महिने हा कारखाना चालतो, आणि तेवढे दिवस आई कोणाला जवळ फिरकू देत नाही.

त्या उंचवट्यापासून दाजींची पायवाट वीस पावलांवर होती.

शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीची येते, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. रात्री बारा-एकला वीज आली की शेतकरी हातात विजेरी घेऊन मोटार चालू करायला नदीवर जातो. दाजी सत्तरीला आलेले. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात मगरींनी माणसांवर हल्ले केले आहेत, पोहायला उतरलेली पोरे दगावली आहेत. हे मला माहीत होते, त्यांनाही होते. फरक एवढाच, की वीस पावलांवर काय आहे हे त्या रात्री फक्त माझ्या कॅमेऱ्याला माहीत होते.

सांगावे, तर दुसरी भीती. शेजारच्या बांधकऱ्याची शेळी आदल्या साली पाणी पिताना मगरीने ओढून नेली होती. तेव्हापासून तो मगरीचे नाव निघाले की पहार आणायची भाषा करी. अंडी फोडणे म्हणजे कायद्याने गुन्हा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. परंतु कायदा रात्री नदीकाठी राखणीला बसत नाही. आणि मलाही त्या मादीचा लळा लागला होता, हे कशाला नाकारू? तिचे पाचशेच्या वर फोटो माझ्यापाशी होते.

त्याच रात्री जेवणे झाल्यावर मी दाजींसमोर कॅमेरा धरला. त्यांनी चष्मा चढवला, एकेक फोटो पाहिला. पन्हळ कशी चढत गेली ते मी बोटाने दाखवले. आक्का दारात उभी राहून ऐकत होती.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "तुमचं फोटू झ्याक हायत. पर मला येवढं सांगा, ती नेमकी बसती कुठं? मोटारीच्या अंगाला का उसाच्या?"

इतकी वर्षे मी फोटो काढतो आहे. कोणी म्हणाले डोळा छान आला, कोणी म्हणाले दात काय दिसतात! 'ती नेमकी कुठे बसते' हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. आम्ही ओसरीवरच्या फरशीवर खडूने नकाशा काढला. मोटारीची खोली, वाट, उंचवटा, आक्काचा धुण्याचा दगड. दगड पाहून आक्का म्हणाली, "म्हणजे मी रोज तिच्या माहेराशेजारी धुणं धुते की रे!" आणि पदराने तोंड पुसत आत निघून गेली. तिचा आवाज मात्र हसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाजींनी वनखात्याला कळवले. दोन कर्मचारी आले, लांबून पाहिले, माझे फोटो पाहिले. अंडी हलवण्यापेक्षा वाट हलवा, असा त्यांचा सल्ला पडला. अंडी हलवणे हे काही नवीन नव्हे. १९७५ साली सरकारने मगरी वाचवण्याची योजना सुरू केली, तेव्हा नदीकाठची अंडी गोळा करून, पिल्ले वाढवून पुन्हा पाण्यात सोडली जात. पुढल्याच वर्षी रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ मगरींची बँक उघडली. (तिथे ठेव ठेवायची ती मगरींची, व्याज पिल्लांच्या रूपाने.) परंतु तेव्हा मगरीच नाहीशा होत होत्या. आता अडचण वेगळी आहे. ऊस पाण्यापर्यंत आला, वाळू उपसली गेली, ज्या काठात ती बिळे करी ते काठ गेले. मग जी थोडी जागा राहिली तिथेच ती आणि तिथेच आपण.

सल्ला देणे सोपे, वाट हलवणे खर्चाचे. दाजींनी मोटारीला मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवला. त्यातला अर्धा खर्च मी उचलला. काच घेतल्यापासून माझ्या छंदावर झालेला तो सर्वांत मोठा खर्च. धुण्यासाठी मी एक गोष्ट सुचवली. श्रीलंकेत नदीकाठच्या गावांतून पाण्यात जाड लाकडी खुंट एकमेकांना लागून रोवतात आणि त्या कोंडवाड्यात लोक आंघोळी करतात; मगर बाहेर, माणूस आत. दाजींनी जुने लोखंडी पाइप आणि जाळी घेऊन अंगणाएवढा एक चौकोन धुण्याच्या दगडाभोवती पाण्यात उभा केला. आक्काला तो मुळीच पसंत पडला नाही. "कोंबड्यांच्या खुराड्यात बसल्यासारखं वाटतं," ती म्हणते. पण बसते. आता शेजारच्या चार बायकाही तिथेच येतात आणि खुराड्यात पूर्वीपेक्षा जास्त गप्पा होतात.

राहिला शेजारी. तो दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन आला. म्हणजे वाडीत बातमी पोहोचली होती. मी कायद्याची कलमे मनात जुळवीत होतो, तोच दाजी शांतपणे बोलले.

"फोड की अंडी. म्हातारी काय गाव सोडून जानार हाय? आज ठावं हाय, ती हितं हाय. उद्या कुठं आसंल, सांगशील?"

तो बराच वेळ उभा राहिला. मग पहार उसाच्या सरीत टेकवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "दावा बघू फोटू." त्याला मी तुटक्या खवल्याची मादी दाखवली, मग त्याच डोहातला मोठा नर दाखवला, रुंद डोक्याचा, मानेवर जखमेचा व्रण असलेला. शेळी कोणी नेली, हे फोटोवरून सांगता येणे शक्यच नव्हते. पण 'मगर' म्हणून एकच काळी वस्तू त्याच्या डोक्यात होती, तिच्या आता दोन झाल्या. जाताना तो पहार घेऊन गेला खरा. पण सरळ घराच्या वाटेने गेला.

मे अखेर मी पुन्हा भिलवडीला गेलो. उन्हाने काठ भाजून निघत होता. मादी वाळून काठी झाली होती. एका सकाळी ती उथळ पाण्यात तोंडावर काटक्या घेऊन निश्चल पडलेली दिसली. मला वाटले, वाहत आलेला कचरा. पुढे वाचनात आले, की पक्षी घरट्यासाठी काटक्या वेचायला येतात त्या दिवसांत मगरी आणि अ‍ॅलिगेटर दोघेही असे करतात, आणि काटकी उचलायला वाकलेला बगळा पकडतात. मद्रासच्या मगरबँकेतली आणि अमेरिकेतली अशी निरीक्षणे एका शास्त्रज्ञाने २०१३ साली छापली. आमच्या बाईंनी ती वाचली नसावीत. त्यांना बगळा मिळाला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा एक सपाटा झाला आणि त्यानंतरच्या संध्याकाळी दाजींनी मला हाक मारली. मोटारीच्या खोलीच्या छतावर आम्ही बसलो. दाजी, मी आणि शेजारी. तो का आला, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. काही वेळाने जमिनीतून आवाज येऊ लागला. बेडकाच्या पिल्लांनी घशातल्या घशात बोलावे तसा. बारीक, तुटक, एकामागून एक. अंड्यांच्या आतून पिल्ले आईला हाक मारीत होती. पाण्यात दोन डोळे वर आले. ती काठावर चढली, उंचवट्याशी आली आणि पुढच्या पायांनी माती उकरू लागली. मग तिने तोंड खाली घातले.

"आरं, गिळती का काय पोरं?" शेजारी पुटपुटला.

"गिळत न्हाई. न्हेतीया," दाजी म्हणाले.

जबडा अर्धवट उघडा ठेवून ती वळली. दातांच्या मधून इवल्याशा शेपट्या हलत होत्या. ती उतारावरून पाण्यात गेली, डोके पाण्याशी टेकवले, हलवले आणि पिल्ले बाहेर सांडली. परत आली. काळोख पडेपर्यंत मी नऊ खेपा मोजल्या. प्रकाश फार थोडा होता. माझ्याकडे फ्लॅश होता, तो मी पिशवीतून काढला नाही. त्या संध्याकाळचे जे फोटो आले ते सगळे दाणेदार आणि धुरकट आहेत. फ्लोरिडाच्या पुतण्याला पाठवले तेव्हा तो म्हणाला, "काका, फोकस गेलाय." गेला असेल.

त्या पंचवीस-तीस पिल्लांतली फार थोडी मोठी होतात. बगळे, घोरपडी, मोठे मासे, खुद्द मोठ्या मगरी, सगळ्यांचा त्यांच्यावर डोळा असतो. शिवाय पूर. २०१९ च्या महापुरात कृष्णा गावात शिरली, तेव्हा मगरीही पाण्याबरोबर वस्तीत आल्या होत्या. आता दर पावसाळ्यात नदी वाढू लागली की आक्का मला फोन करून आधी पाण्याची पातळी सांगते आणि मग घरच्यांची खुशाली.

त्यानंतरच्या दोन्ही वर्षी मादीने तोच उंचवटा धरला. दाजी आता मार्च लागला की वाट आपण होऊन बदलतात. माझ्या तिकिटाची चौकशीही त्यांच्याकडूनच येते: "पाव्हणं, वाळूवर वरखाडं दिसाया लागल्यात. कवा निघताय?" फरशीवरचा खडूचा नकाशा आक्काने पुसू दिला नाही. दर साल तो नव्याने गिरवला जातो आणि वाडीतली पोरे शाळेला जाताना त्याच्यावरून उड्या मारत जातात. मोठा नर कुठल्या डोहात दिसला, याची खूण त्यावर करण्याचे काम ती पोरेच करतात.

गेल्या खेपेला मी त्या धुरकट फोटोंपैकी एक मोठा करून, चौकटीत घालून शेजाऱ्याला दिला. दातांच्या मधून शेपट्या हलताहेत, तो. त्याने तो दोन्ही हातांत धरून उजेडात नेला, बराच वेळ पाहिला. मगरीने मारलेल्या जनावराची भरपाई सरकारकडून मिळते, पण पंचनामा लागतो. आणि त्याची शेळी तर पाण्यात गेली ती गेलीच. दाखवायला काठावर एक शिंगसुद्धा राहिले नव्हते. पंचनामा कशाचा करणार?

"फोटू चांगला हाय," तो म्हणाला. "आईच हाय ती, न्हाई म्हनत न्हाई मी. पर गाभन शेळी व्हती हो माजी."

दाजींनी पानाची चंची उघडली आणि त्याच्यापुढे सरकवली. तो बसला. फोटो त्याने भिंतीला टेकवून ठेवला, तोंड आमच्याकडे करून.